मोजणारा माणूस सर्वांत आधी जातो

दिवाळीच्या फराळाला आम्ही दहा-बारा घरं जमलो होतो. सिएटलच्या पूर्वेला, सॅमामिश-इसाक्वाच्या बाजूला मराठी वस्ती आता चांगली दाट झाली आहे. बोलता बोलता राज्याच्या अर्थसंकल्पाचा विषय निघाला आणि गाडी वॉशिंग्टन राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्यातल्या कपातीवर आली. एकजण म्हणाले, "आपण ना गळ टाकत, ना बंदूक धरत. ज्यांना मासे धरायचेत, हरणं मारायचीत ते लायसन काढतातच. त्यांनीच भरावेत पैसे. आपल्या करातून कशाला?" एका वहिनींचं म्हणणं, इथला निसर्ग इतका सुंदर आहे, तो राखायला नको का? मग तिसऱ्याने विचारलं, "शाळेतले शिक्षक कमी करायचे की मासे मोजणारे, ते सांगा." त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही गप्प बसले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण प्रश्नच चुकीचा मांडला होता आणि तो चुकीचा का, हे मला त्या वेळी सांगता आलं नव्हतं.

हा वाद सगळीकडे असाच चालला आहे. एक बाजू या खात्याला दुकान समजते: ज्याला माल हवा त्याने पैसे मोजावेत. दुसरी बाजू त्याला देवळाची दानपेटी समजते: मनात श्रद्धा असेल त्याने यथाशक्ती टाकावं. खातं प्रत्यक्षात दिवसभर काय करतं, हे दोघंही विचारत नाहीत. त्याचं सर्वांत मोठं काम पाळत ठेवण्याचं आहे. नदीत किती मासे चढले, कोणत्या गुहेतली वटवाघळं मेली, कोणत्या बोटीच्या तळाला काय चिकटून आलं, हे बघणं, मोजणं, लिहून ठेवणं. माझं म्हणणं असं आहे की या खात्याचे पैसे कापून बचत होत नाही. खर्च पुढे ढकलला जातो आणि फुगून परत येतो, कारण कुऱ्हाड पडते ती नेहमी ज्या कामाला गिऱ्हाईक नाही त्या कामावर, म्हणजे मोजण्यावर. हे थांबवायचं असेल तर लायसन काढणाऱ्यांच्या खांद्यावरचा हा भार कमी करून तो आपण सगळ्यांनी वाटून घेतला पाहिजे. त्यात शनिवार-रविवारी डोंगर चढायला जाणारी आमची मराठी कुटुंबंही आली.

पण आधी 'वापरणाऱ्याने भरावं' या म्हणण्याला त्याचा मान दिला पाहिजे, कारण ते निव्वळ कंजूषपणाचं म्हणणं नाही. अमेरिकेतले वन्यप्राणी शिकाऱ्यांच्या पैशांवर परत उभे राहिले, हा इतिहास आहे. १९०० च्या सुमारास या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम ५ लाख उरली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. १९३७ साली, महामंदीची झळ सरली नव्हती तेव्हा, पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर केंद्राच्या तिजोरीत विरून न जाता थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जावा, अशी व्यवस्था त्याने केली. चार आण्यांतला एक आणा राज्याने घालायचा, तीन आणे केंद्र देणार. अट एकच: लायसनचे पैसे दुसऱ्या कशावरही वळवायचे नाहीत. १९५० साली मासेमारीच्या सामानावर तसाच कर आला. एखाद्या समाजगटाने आपल्या छंदावर कर लावून घ्यावा आणि तो सुमारे नव्वद वर्षं निमूट भरावा, अशी उदाहरणं जगात थोडी आहेत. शिकार मला स्वतःला पटत नाही, पण ज्या हरणाचा फोटो मी कौतुकाने काढते ते माझ्या पैशांवर वाचलेलं नाही, हे कबूल केल्याशिवाय मला पुढे बोलण्याचा हक्क नाही.

आता मात्र ते खांदे थकले आहेत. केंद्राच्या पाहणीनुसार १९८२ मध्ये देशात सुमारे १ कोटी ७० लाख शिकारी होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख. त्याच २०१६ मध्ये पक्षी-प्राणी नुसते बघायला जाणारे, त्यांचे फोटो काढणारे, घराशी पाखरांना दाणे घालणारे लोक ८ कोटी ६० लाख होते. म्हणजे आनंद घेणारे वाढले आणि पैसे भरणारे आटले. राज्याने मग काय केलं? जे उरले त्यांच्यावर बोजा वाढवला. वॉशिंग्टनमध्ये २०२५ साली मासेमारी आणि शिकारीच्या लायसनची फी ३८ टक्क्यांनी वाढली. फी वाढली की काही जण लायसन काढणं सोडतात, मग तूट भरायला फी परत वाढवावी लागते. आपल्याकडे एसटीच्या तोट्याच्या मार्गांवर हे चक्र कित्येकांनी पाहिलं आहे. आणि आमच्यासारखे डोंगर चढणारे काय भरतात? गाडी लावण्यासाठी वर्षाचा पास काढतो, तो २०२५ च्या ऑक्टोबरपासून ४५ डॉलरचा झाला. २०११ साली हा पास सुरू झाला तेव्हा त्याची वाटणी अशी ठरली: ८४ टक्के राज्य उद्यानांना, ८ टक्के जमीन-जंगल खात्याला आणि ८ टक्के या मत्स्य व वन्यजीव खात्याला. आठ टक्क्यांनी ४५ डॉलरचे ३ डॉलर ६० सेंट होतात. आमच्या फराळाच्या गप्पांमध्ये 'आपल्या करातून कशाला' असं जे म्हटलं गेलं, त्याच्यामागे हा आकडा उभा आहे.

हे खातं काय करतं ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एव्हरेटच्या बोटीच्या धक्क्यावर मुलांना घेऊन गेले होते. सकाळची मासेमारी आटोपून बोटी परत येत होत्या. धक्क्यावर रबरी बूट घातलेली विशी-बाविशीची एक मुलगी उभी होती, हातात लाकडी पाटी, पाटीला अडकवलेली जाडसर कागदाची वही आणि दुसऱ्या हातात काठीसारखं एक यंत्र. प्रत्येक बोटीला ती विचारायची: किती जण होतात, किती वाजता निघालात, किती धरले, किती सोडले. मग शीतपेटीतला एकेक सामन मासा उचलून त्याच्या पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर आहे की कापलेला आहे ते बघायची. कापलेला असेल तर मासा हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेला, शाबूत असेल तर बहुधा नदीत जन्मलेला. मग यंत्र माशाच्या तोंडावरून फिरवायची. एकदा ते वाजलं. तिने मालकाची परवानगी घेऊन माशाचं नाकाड कापलं, पिशवीत घातलं, चिठ्ठी लावली. माझ्या मुलीने विचारलं, आत काय आहे? मिलिमीटरभर लांबीची, केसासारखी बारीक तार. पिल्लू बोटाएवढं असताना नाकाडात घातलेली. राज्याची राजधानी ऑलिंपिया, तिथल्या प्रयोगशाळेत भिंगाखाली ती वाचली की कळतं, हा मासा कोणत्या हॅचरीतून, कोणत्या वर्षी सुटला आणि समुद्रात किती वर्षं काढून परत आला.

ती मुलगी हंगामी कामगार होती. तिच्या नोकरीला गिऱ्हाईक नाही. मासे धरणाऱ्याला हॅचरी हवी असते, शिकाऱ्याला हरणांचा हंगाम हवा असतो, शेतकऱ्याला लांडग्याने मारलेल्या वासराची भरपाई हवी असते. हे सगळे आमदाराला फोन करतात आणि त्यांनी करायलाच हवा. धक्क्यावरच्या वहीसाठी फोन कोण करणार? त्यामुळे कपात आली की खातं कोणतंही मोठं काम उघडपणे बंद करत नाही. रिकामी झालेली जागा भरत नाही, हंगामी माणसं कमी घेतं, दोन नद्यांचं काम एकाकडे देतं. महाराष्ट्रात ज्यांनी सरकारी कचेरीत कधी खेटे घातले आहेत त्यांना 'अतिरिक्त कार्यभार' हा शब्द समजावून सांगायला नको. टेबल तिथेच असतं, खुर्ची तिथेच असते, पाटीही असते, फक्त काम होत नाही. आणि काम झालं नाही हे कळायला ज्या नोंदी लागतात त्याच झालेल्या नसतात.

"याआधीही कपात झाली होती, कुठे आभाळ कोसळलं?" हा युक्तिवाद म्हणूनच इतका पटतो आणि तितकाच फसवा आहे. या राज्याचा अर्थसंकल्प दोन वर्षांचा असतो. चिनूक सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि साधारण तीन ते पाच वर्षांनी अंडी घालायला परत येतो. आज ज्या कारणामुळे पिल्लं मेली ते कारण रिकाम्या नदीच्या रूपाने आपल्याला दिसेल तेव्हा अर्थसंकल्प दोनदा बदललेला असेल आणि कापणारा आमदार कदाचित दुसऱ्या पदावर गेलेला असेल. दोन हिशेबांचा काळच जुळत नाही. ही अडचण राज्यकर्त्यांना कळत नाही असं नाही, आपल्याकडे तर तीनशे वर्षांपूर्वी ती लिहून ठेवली गेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विषय निघतो. आंबा, फणस ही झाडं गलबतांना उपयोगी आहेत, तरी त्यांना हात लावू देऊ नये असं तिथे बजावलं आहे. कारण दिलं आहे ते असं की ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. आरमाराची निकड काही लहान नव्हती. तरीही निकडीचं वय आणि झाडाचं वय वेगळं आहे, हे लिहिणाऱ्याने ओळखलं होतं.

पाळत सैल केल्यावर काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण भारतानेच सोसलं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा. १९५३ पासून मोहीम सुरू झाली. डीडीटीची फवारणी, घरोघर जाऊन ताप आलेल्यांचं रक्त तपासणं. आमच्या माहेरच्या घराच्या दाराशेजारी भिंतीवर आरोग्य कर्मचाऱ्याने तारखा लिहिलेल्या असायच्या, मी लहानपणी त्या वाचत बसायची. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. रोग गेला, असं सगळ्यांना वाटलं. लक्ष दुसरीकडे गेलं, गस्त ढिली पडली. डासांना औषधाची सवय झाली होती आणि इतरही कारणं होती, पण ती वेळेवर ध्यानात यायला जी पाहणी लागते तीच विरळ झाली होती. १९७६ मध्ये देशात हिवतापाचे ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. भिंतीवर तारीख लिहिणारा माणूस वाचवून त्या दहा वर्षांत किती पैसे वाचले असतील? आणि १९७६ नंतर किती गेले?

याच्या उलट बाजूचं उदाहरण गिधाडांचं आहे. ते मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात मुंबईची संस्था आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ऐंशीच्या दशकात गिधाडं आणि त्यांची घरटी मोजली होती. तेव्हा ती ढिगाने होती. ढिगाने असलेला पक्षी कशाला मोजायचा, असं त्या वेळी कुणी सहज म्हणालं असतं. दहा-एक वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजलं आणि जुनी वही हाताशी होती म्हणूनच लक्षात आलं की पक्षी कोसळत चालला आहे. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. मोजणी आणखी दहा वर्षं झाली नसती तर? आणि या पक्ष्याची किंमत काय होती, हे इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलं: गिधाडं गेल्यामुळे मेलेली जनावरं उघड्यावर कुजली, कुत्री वाढली, पाणी दूषित झालं आणि २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसं जास्त दगावली. गिधाडाचं लायसन कुणी काढत नाही.

तेच फ्रँक इकडे वटवाघळांकडे वळले. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. हा रोग पसरत गेला आणि लाखो वटवाघळं मेली. जिथे ती मेली त्या भागांतल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला आणि तिथला अर्भकमृत्यूचा दर ७.९ टक्क्यांनी वाढला, असं फ्रँक यांचा अभ्यास सांगतो. कीड खाणारं वटवाघूळ गेलं, त्याची जागा विषाने घेतली आणि विष पाळण्यापर्यंत पोचलं. तो रोग रॉकी पर्वताच्या पश्चिमेला सर्वांत आधी कुठे सापडला? मार्च २०१६ मध्ये, आमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवरच्या नॉर्थ बेंडजवळ. डोंगर चढायला गेलेल्या लोकांना वाटेवर एक आजारी वटवाघूळ दिसलं, त्यांनी ते उचलून उपचार केंद्रात पोचवलं, दोन दिवसांत ते मेलं. पुढे रोगाचा माग काढणं, आसपासचे माळे आणि पूल शोधणं, दरवर्षी वटवाघळांची मोजदाद करणं हे सगळं याच खात्याच्या वाट्याला आलं. ज्या डोंगरांवर आम्ही डबे घेऊन जातो तिथलीच ही गोष्ट आहे. 'आपला काय संबंध?' असं जे फराळाच्या वेळी विचारलं गेलं, त्याला एवढं उत्तर पुरेसं व्हावं.

शिक्षक की मासे मोजणारे, या प्रश्नाकडे आता येते. राज्याची तूट खोटी नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुढच्या चार वर्षांची मिळून सुमारे १६ अब्ज डॉलरची तूट सांगितली जात होती. शाळा, आजारी माणसांचे उपचार, मनोरुग्णालयं यांच्यापुढे वटवाघळांची वही मांडायला कुणालाही संकोच वाटेल. मलाही वाटतो, माझी दोन्ही मुलं सरकारी शाळेत आहेत. पण हा प्रश्न असं गृहीत धरतो की मासे मोजले नाहीत तर ते पैसे शाळेला मिळतील. या राज्यात घडलं ते उलटंच. इथे रस्त्याखालून ओढे न्यायला ज्या मोऱ्या बांधल्या त्यांतल्या कित्येक स्वस्तात उरकल्या होत्या: अरुंद पाइप, आत पाण्याचा जोर, बाहेर पडायच्या तोंडाशी दोन-तीन फुटांची उडी. पाणी जायचं, मासा चढू शकायचा नाही. इथल्या मूळ जमातींनी १८५४-५५ च्या तहांत आपली बहुतेक जमीन देऊन मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला होता. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्या जमातींचा आहे. २००१ मध्ये २१ जमाती मोऱ्यांसाठी न्यायालयात गेल्या: माशाला वाटच ठेवली नाही तर हक्काला अर्थ काय? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश चार-चार असे विभागले गेले, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला आणि अडवलेल्या प्रवाहांपैकी ९० टक्के २०३० पर्यंत मोकळे करण्याचं काम राज्याच्या गळ्यात पडलं. त्यासाठी अब्जावधी डॉलर लागत आहेत. रस्ते बांधणाऱ्या पिढीने प्रत्येक मोरीमागे थोडे पैसे वाचवले होते. ते आता त्यांच्या नातवंडांच्या शाळेच्या, रस्त्याच्या, दवाखान्याच्या पैशांतून फेडले जात आहेत.

शिंपल्यांचं असंच होऊ शकतं. क्वागा नावाचे नखाएवढे परदेशी शिंपले बोटीच्या तळाला चिकटून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात आणि धरणांचे, कालव्यांचे, पिण्याच्या पाण्याचे पाइप बुजवून टाकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये शेजारच्या आयडाहोत, स्नेक नदीत त्यांची पिल्लं सापडली. नदीच्या त्या पट्ट्यात तांब्याचं औषध सोडावं लागलं आणि तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा दिसली. ही नदी वाहत वॉशिंग्टनमध्ये येते आणि कोलंबियाला मिळते. कोलंबियावर या राज्याची वीज आणि शेती दोन्ही उभी आहेत. सीमेवरच्या नाक्यावर बोटी थांबवून तपासणारी माणसं आणि हे शिंपले हुंगून काढायला शिकवलेले कुत्रे याच खात्याचे आहेत. त्या नाक्यावरच्या पगाराला 'माशांचा खर्च' म्हणायचं की विजेच्या बिलाचा विमा?

खात्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप मात्र पैशांचा नाही आणि तो करणारे निसर्गाचे वैरीही नाहीत. ते म्हणतात, या खात्याने दशकानुदशकं हॅचऱ्यांवर पैसा ओतला. हॅचरीतले मासे नदीतल्या जातिवंत माशांत मिसळले, त्यांचा कस कमी झाला आणि प्युजेट साउंडचा, म्हणजे सिएटलजवळच्या समुद्राच्या फाट्यातला चिनूक १९९९ साली धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला तो गेलाच. त्याच चिनूकवर जगणारे इथले ओर्का देवमासे २००५ पासून त्याहून गंभीर यादीत आहेत. २०१८ मध्ये एक ओर्का आई आपलं मेलेलं पिल्लू डोक्यावर तोलत सतरा दिवस पोहत राहिली, ते दृश्य इथल्या कुणाच्या मनातून अजून गेलेलं नाही. अशा खात्याला आणखी पैसे का द्यायचे? या आक्षेपात बरंच तथ्य आहे. हॅचऱ्यांनी नदी बिघडली असताना ती बिघडली आहे हे झाकायला मदत केली, असं मलाही वाटतं. पण हॅचरीचा मासा जातिवंत माशाला मारक ठरतो, हे आपल्याला कळलं कशावरून? कापलेल्या परावरून, नाकाडातल्या तारेवरून, अंडी घालायला चढलेल्या माशांच्या मोजणीवरून. खात्याची चूक खात्याच्याच वहीने दाखवून दिली. पैसे कापल्यावर हॅचरी चालू राहील, तिच्यामागे मतं आहेत. बंद होईल ती वही. म्हणजे ज्यांना खातं सुधारायला हवं आहे त्यांच्या हातातलं हत्यारच कपातीने आधी जाईल. आणि हेही लक्षात घ्यावं की चिनूक संरक्षित असल्यामुळे मोजणीची हमी नसेल तर मासेमारीचा हंगाम उघडायला केंद्राची परवानगीही मिळत नाही. वहीवर कुऱ्हाड पडली की लायसन काढणारा गिऱ्हाईकही काठावरच बसतो.

मग पैसे आणायचे कुठून? मिझुरी राज्याच्या लोकांनी १९७६ मध्ये मतदान करून आपल्या राज्यघटनेतच तरतूद केली: विक्रीकरात एक टक्क्याचा आठवा भाग वन्यजीव, मासे आणि जंगलांसाठी. शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेबारा सेंट. आर्कान्सॉने १९९६ मध्ये तेच केलं. मिनेसोटाने २००८ मध्ये, जगभर मंदी सुरू असताना, त्याहून मोठा वाटा मंजूर केला, त्यात पाणी, उद्यानं आणि कलाही घेतल्या. विक्रीकर गरिबाला जास्त बोचतो, हा आक्षेप खरा आहे आणि वॉशिंग्टनचा विक्रीकर आधीच जड आहे. त्यामुळे मला स्वतःला बूट, तंबू, दुर्बिणी, पाठीवरच्या सॅका यांच्यावर बंदुकीच्या काडतुसांसारखाच कर लावणं जास्त न्याय्य वाटतं. ते विकणाऱ्या कंपन्यांनी अशा करांना पूर्वी विरोध केला आहे. केंद्राकडून राज्यांना आणि जमातींना वर्षाला सुमारे १.४ अब्ज डॉलर देणारं विधेयक जून २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९० मतांनी मंजूर झालं, सिनेटमध्ये ते मतदानालाही आलं नाही. तोवर राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून मोजणीच्या कामासाठी वेगळी रक्कम बांधून ठेवावी आणि हंगामी माणसांच्या जागा त्या रकमेला जोडाव्यात, एवढी साधी मागणी आपण आमदारांकडे करू शकतो. सुनावणीच्या वेळी घरबसल्या नाव नोंदवून बाजू मांडता येते. मी नोंदवणार आहे आणि फराळाला आलेल्या प्रत्येक घराला दुवा पाठवला आहे.

ऑक्टोबरमध्ये इसाक्वाच्या हॅचरीत मुलांना घेऊन पुन्हा गेले होते. १९३६ साली, मंदीतल्या बेकारांना काम देण्याच्या योजनेतून ती बांधली गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पैसे नाहीत म्हणून ती बंद करायची चालली होती, तेव्हा गावकरी पुढे आले. काचेपलीकडे पायऱ्या-पायऱ्यांच्या पाण्यातून सामन वर चढत होते, पाठी घासून पांढऱ्या पडलेल्या, परांच्या चिंध्या झालेल्या. मला वलगण आठवली. माणगाव तालुक्यातल्या माझ्या माहेरी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्याने, ओहोळाने उलटे चढून भातखाचरांत अंडी घालायला येत. रात्री अप्पा बत्ती आणि पाग घेऊन निघत, मी टोपली धरून मागे. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी मासे उड्या मारताना दिसायचे, गाभोळीने पोटं तट्ट फुगलेली.

त्या रात्री अप्पांना फोन केला. "अप्पा, वलगण कधीपासून कमी झाली हो?"

ते बराच वेळ आठवत राहिले. "तू कॉलेजला गेलीस तेव्हा होती थोडीफार. मग शेतात औषधं मारायला लागले. मग हायवे रुंद झाला, ओहोळाचं तोंड बुजलं. नक्की कोणत्या साली ते कसं सांगू बाय? कुणी लिहून ठेवलंय?"